बिनपगारी, फुल अधिकारी

पोलादपूर तालुक्यात कुडपण नावाचे एक गाव आहे. रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या हद्दी सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर जेथे एकमेकींच्या जवळ येतात, त्या बाजूचे हे गाव. तसे पाहिले तर कुडपण एक नव्हे, दोन. एक बुद्रुक आणि एक खुर्द. शेजार प्रतापगडाचा आणि जावळीच्या रानाचा. या साऱ्या मुलुखाची रीत अशी, की कर्ती माणसे पोटासाठी मुंबईत आणि गणपती-शिमग्याला गाव पुन्हा भरलेले. आता समजा, एखाद्या जिज्ञासू वाचकाला या कुडपणची माहिती हवी आहे. केतकरांच्या ज्ञानकोशात ती शोधून सापडावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ; वाईच्या विश्वकोशाने तरी किती खेडी घ्यावीत? परंतु विकिपीडिया नावाचा जो नवा ज्ञानकोश आता घरोघरच्या फोनमध्ये जाऊन बसला आहे, त्यात कुडपणविषयी लिहिण्यास कोणाचीच आडकाठी नाही. कुडपणच्या पोराने खुशाल लिहावे, परळच्या चाळीतल्या त्याच्या आत्याने त्यात भर घालावी, आणि ज्याने कुडपण उभ्या जन्मात पाहिले नाही अशा नागपूरच्या एखाद्या गृहस्थाने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारावे!

येथे सुज्ञ वाचकाच्या मनात पाल चुकचुकल्याशिवाय राहणार नाही. ज्या वाड्याला दिंडीदरवाजाच नाही, त्यात चोर शिरत नाहीत काय? शिरतात. रोज शिरतात. कोणी थोरामोठ्यांच्या चरित्रात आपल्या मित्राचे नाव घुसडतो, कोणी शेजारच्या जातीवर राग काढतो, कोणी आपल्या दुकानाची जाहिरात चिकटवून जातो. तरीही वाडा उभा आहे, आणि बऱ्यापैकी झाडलेला-सारवलेला आहे. हे झाडणारे हात कोणाचे, हा प्रश्न मला गेली काही वर्षे पडत आला आहे. मराठीचा मास्तर असल्यामुळे पोरांचे निबंध तपासता तपासता त्यातली उसनवारी कोठून आली ते मला धुंडाळावे लागते, आणि त्या धुंडाळण्यात बहुतेक वेळा या वाड्याशीच येऊन थांबावे लागते.

मूळ इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनाचा. आज त्यातील लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. या लाखभर लेखांवर देखरेख करणाऱ्यांना ‘प्रचालक’ म्हणतात. त्यांची संख्या ऐकाल तर थक्क व्हाल; ती अगदीच मूठभर आहे. इंग्रजीकडे असे लोक काही शेकड्यांनी आहेत. आमच्याकडे एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीइतके! आणि पगार? एक छदाम नाही. आपल्याकडे ‘बिनपगारी, फुल अधिकारी’ असे ज्यांना हसून म्हणतात ना, तसे हे खरोखरीचे बिनपगारी. अधिकार मात्र खरे आहेत. पान काढून टाकणे, पानाला कुलूप लावणे, आणि वारंवार समजावूनही न ऐकणाऱ्या सदस्याचे लिहिणे बंद करणे ही तीन शस्त्रे त्यांच्या हाती असतात.

आता थोडे माझ्या व्यवसायाचे. या मंडळींनी आपल्या कारभारासाठी जे शब्द योजले आहेत, ते पाहून मराठीच्या माणसाचा जीव सुखावतो. जेथे सारे सदस्य जमून वादविवाद करतात त्या पानाचे नाव आहे ‘चावडी’. नवशिक्याने हात साफ करावा म्हणून राखून ठेवलेली जागा ती ‘धूळपाटी’. सांगितलेले काम निमूटपणे करणारी यांत्रिक आज्ञावली म्हणजे ‘सांगकाम्या’. चुकीचा बदल एका झटक्यात मागे घेण्याच्या सोयीला ‘द्रुतमाघार’ म्हणतात. हा शब्द ऐकताच पेशवाईतला एखादा सरदार घोडा वळवताना डोळ्यांपुढे येतो! आणि एखाद्या प्रश्नावर सदस्यांचे मत घ्यावयाचे झाल्यास लावतात तो ‘कौल’. कोकणच्या माणसाला कौल म्हणजे काय हे सांगावयास नको. देवाच्या मूर्तीला पाकळ्या किंवा कळे लावावेत, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. देव बोलला की वाद मिटला. विकिपीडियाच्या कौलात देव बोलत नाही. तेथे सदस्य बोलतात, आणि फार बोलतात.

परंतु शब्द गोड म्हणून काम गोड असते असे नाही. प्रचालकाचा बराचसा वेळ जातो ‘अलीकडील बदल’ नावाच्या एका यादीवर. कोणी, कोणत्या घटकेला, कोणत्या पानावर, किती अक्षरे वाढवली वा खोडली याची ती अखंड वाहणारी नोंदवही आहे. जो आपले नाव न सांगता लिहितो, त्याचीही काही ना काही खूण मागे उरतेच. या वहीवर नजर ठेवावयाची, संशय आला तेथे पान उघडावयाचे, जुने आणि नवे शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे, आणि ठरवावयाचे: हा खोडसाळपणा, की अज्ञान, की खरोखरीची सुधारणा? खोडसाळपणा ओळखणे सोपे. शिवी ही शिवी असते. खरी कसोटी लागते ती प्रेमाने लिहिणाऱ्यांपाशी.

आपल्या कुडपणच्याच पोराचे घ्या. तो लिहिणार, ‘स्वर्गाहून सुंदर असे हे आमचे गाव.’ आता पावसाळ्यात सह्याद्रीचा तो भाग पाहिलेल्या कोणत्याही माणसाला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. पण प्रचालक किंवा एखादा जुना सदस्य येणार आणि ‘स्वर्गाहून सुंदर’ खोडणार, ‘आमचे’ खोडणार. उरेल काय, तर ‘हे गाव’. पोराला वाटणार, माझ्या गावावर कोणाचा हा डूख? त्याला चर्चेच्या पानावर समजावून सांगावे लागते, की बाबा, ज्ञानकोशाला गाव नसते. त्याच तऱ्हेने महाडजवळच्या गंधारपाल्याच्या लेण्यांना आजूबाजूचे लोक पिढ्यान्‌पिढ्या पांडवलेणी म्हणत आले आहेत; आहेत ती बौद्ध लेणी. कोणी श्रद्धेने लिहिले, की ती पांडवांनी एका रात्रीत खोदली, तर ते वाक्य पुसून टाकणे हा एक मार्ग. आणि ‘अशी आख्यायिका आहे’ एवढे तीन शब्द जोडणे हा दुसरा. चांगला प्रचालक दुसरा मार्ग धरतो. सर्वच धरतात असे मी म्हणणार नाही.

आपत्तीच्या प्रसंगी तर या मंडळींचा खरा कस लागतो. महाड-पोलादपूरचा हा पट्टा त्या बाबतीत दुर्दैवी आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. २०२१ च्या जानेवारीत कुडपणच्या वाटेवर वऱ्हाडाचे वाहन दरीत कोसळले. त्याच वर्षी २२ जुलैला महाड तालुक्यातले तळीये दरडीखाली गाडले गेले. अशा वेळी पहिल्या तासात कोणी दहा म्हणतो, कोणी शंभर. तळीयेत मृतांचा आणि बेपत्ता माणसांचा आकडा कित्येक दिवस बदलत होता. मुंबईत बसलेला भाऊ फोनवर जो आकडा वाचतो, त्याने त्याच्या पोटात गोळा येतो किंवा खोटी आशा पालवते. म्हणून कोणी ऐकीव आकडा लिहिला की लगेच विचारावयाचे: आधार काय? आधार नसेल तर आकडा काढावयाचा, मग तो पुढे खरा का ठरेना. बाहेरच्याला हे कोरडेपण वाटते. मला यात माणुसकी दिसते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मास्तर, हे सारे गावकीसारखेच झाले! काही अंशी झालेच. कोकणातल्या गावकीलाही पगार नसतो. पालखी कोणत्या वाडीत आधी जावयाची, वर्गणी किती, देवळाच्या दुरुस्तीचे काय, हे सारे चार जुनीजाणती माणसे ठरवतात. सरकारनेही १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू करून, गावोगाव अशाच बिनपगारी समित्यांकडे तंटे मिटवण्याचे काम सोपवले. पुष्कळ गावांत त्यांनी बांधाची, पाण्याची भांडणे कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीच मिटवली, हे मान्य केले पाहिजे.

पण गावकीची दुसरी बाजूही याच रायगड जिल्ह्याने पाहिली आहे. गावकीचा शब्द मोडला म्हणून, निवडणुकीत दुसऱ्या बाजूने उभा राहिला म्हणून, एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकावयाचे. त्याच्याशी कोणी बोलावयाचे नाही, दुकानदाराने मीठ-मिरची द्यावयाची नाही, मयताला खांदा द्यावयाचा नाही. (हे सारे गाव न सांगता लिहीत आहे; कुडपणशी त्याचा संबंध जोडू नये.) मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध १९४९ मध्ये कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत टाकलेल्या माणसाला स्वतःचा असा कायदाच नव्हता. अखेर २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याची निकड पटवणाऱ्या तक्रारींत रायगडचा वाटा मोठा होता.

मग एखाद्या सदस्यावर प्रतिबंध घालणारा प्रचालक वेगळे काय करतो? त्यानेही माणसाला वाळीतच टाकले की! मला फरक दिसतो तो कागदाचा. गावकीचा निर्णय रात्री देवळात होतो आणि सकाळी तो कोणी घेतला हे कोणालाच ठाऊक नसते. विकिपीडियावर कोणी, कोणाला, कधी, किती दिवसांसाठी आणि कोणत्या कारणाने रोखले, ही नोंद कोणीही उघडून वाचू शकतो. बहुतेक वेळा प्रतिबंधाला मुदत असते, दाद मागण्याची वाट असते, आणि खुद्द प्रचालकाविरुद्धही चावडीवर गाऱ्हाणे मांडता येते. शिवाय ज्याला रोखले, त्याच्या घरचे मीठ बंद होत नाही.

तथापि नुसत्या कागदावर भिस्त ठेवू नये, हे शिकवणारे शहरही महाडच आहे. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच केलेला होता. तरी ते पाणी ओंजळीत घ्यावयास २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. ‘सर्वांना मुक्त’ अशी पाटी विकिपीडियाच्याही दारावर आहे. आत मात्र नवख्या माणसाला दरारा वाटतो. आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने हौसेने एका संतांचे चरित्र चढवले. ते त्याने एका छापील पुस्तकातून जसेच्या तसे उतरवले होते. चहा थंड होण्यापूर्वी पान नाहीसे झाले. कायद्याच्या दृष्टीने प्रचालकाचे बरोबर होते. लेखकाचा हक्क मोडून चालत नाही. पण त्या मुलाच्या चर्चापानावर आला तो एक ठरावीक साच्याचा निरोप, सरकारी नोटिशीच्या थाटाचा. मुलगा पुन्हा तिकडे फिरकला नाही. दोन ओळी हाताने लिहिल्या असत्या, ‘आपल्या शब्दांत लिहा, मी मदत करतो’ इतके म्हटले असते, तर मराठीला एक लिहिणारा मिळाला असता. मूठभर माणसांनी लाखभर पाने सांभाळावयाची म्हटल्यावर हाताने लिहिण्यास वेळ कोठून आणावा, हेही खरे.

आणि आता या कामात जोखीमही शिरली आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी विकिपीडियावरील मजकुरावरून महाराष्ट्रात वादळ उठले. राज्याच्या सायबर विभागाने विकिपीडिया चालवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेला तो मजकूर काढण्याबद्दल नोटीस पाठवली, आणि पुढे काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला गेला. लोकांच्या भावना खऱ्या होत्या, यात मला शंका नाही. संभाजी महाराजांविषयी हिणकस मजकूर वाचून कोणाचे रक्त तापणार नाही? परंतु ज्ञानकोशातल्या वाक्याचे भांडण ज्ञानकोशाच्या चावडीवर, बखरी आणि कागदपत्रे समोर ठेवून लढता येते. त्यासाठी आपल्याकडे इतिहासाचे अभ्यासक कमी नाहीत. ते तेथे जात नाहीत, ही माझी तक्रार आहे. पोलीस ठाण्याची भीती बसली, तर उद्या पहारा सोडून जाईल तो शहाणा माणूस. आणि मोकळ्या वाड्यात राहील तो ज्याला कशाचीच भीती नाही.

पहारा सोडून जाणारे तसेही जातातच. कोणाची बदली होते, कोणाच्या घरी मूल होते, कोणी नुसताच वैतागतो. लागोपाठ दोन वर्षे एकही बदल वा कारवाई हातून झाली नाही, तर नियमाप्रमाणे त्या प्रचालकाला आधी विचारणा होते. उत्तर आले नाही तर अधिकार काढून घेतले जातात. नारळ नाही, शाल नाही, निरोपाचे भाषण नाही. चर्चापानावर एक निरोप येतो, त्याखाली तारीख असते, आणि ‘अलीकडील बदल’ची वही पुढे वाहत राहते.