पेटीत दोनशे सत्तर रुपये कमी आले तेव्हा

मी शिवऱ्याहून बोलतेय. जवळ वही-पेन असेल तर घ्या, आज थोडे आकडे लिहायचे आहेत.

मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत वही आणि पेटी जुळेना. पेटीत २७० रुपये कमी. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा पेटी सांभाळणाऱ्या वहिनींकडे गेल्या. त्या नजरांचा त्रास काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. चूक कशी सापडली ते सांगते, पण आधी एका भल्यामोठ्या आकड्याची ओळख करून घेऊ.

लिहा: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकं, दहं, शतं करत पुढे गेलं की सतराव्या घराला ‘मध्य’ म्हणतात, तिथून हा आकडा सुरू होतो. पुढून वाचा, मागून वाचा, सारखाच.

हा येतो कुठून? नऊ वेळा १ लिहायचा आणि त्या संख्येला तिनंच गुणायचं. लहान करून बघा. १११ गुणिले १११ मांडलं की १११ च्या तीन ओळी, प्रत्येक एकेक घर सरकलेली. उभी बेरीज १, २, ३, २, १. झाले १२३२१. नऊ एकांपर्यंत ही चढण-उतरण चालते. दहा एक घेतले की मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि नक्षी मोडते.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत ते मास्तर होते. डोंबिवली स्टेशनात ही कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाच्या जुन्या नावावरून डेम्लो. पुढे १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. आपल्याकडे मात्र आकड्यांचा नाद लागलेला मास्तर म्हणून हसणारेच जास्त होते.

आता या आकड्यातल्या अंकांची बेरीज करा. ८१ येते. आणि त्या सबंध संख्येला ८१ नं भाग जातो, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे हर्ष देणारी.

अंकांच्या बेरजेचं आणि नवाचं नातं नोटांवरून समजतं. दहाची नोट नऊ जणींत सारखी वाटली तर १ रुपया उरतो. शंभराची वाटली, प्रत्येकीला ११, तरी १ उरतो. म्हणून ३६० मध्ये शंभराच्या तीन नोटांचे ३ उरले, दहाच्या सहा नोटांचे ६ उरले. उरले ९, तेही वाटून संपले. उरतं ते अंकांच्या बेरजेतूनच ठरतं. मग अंकांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच, बाकीही तीच. म्हणून मूळ आकडा आणि उलटापालट झालेला आकडा यांच्या फरकाला नवानं नेहमी भाग जातो.

आमचा फरक २७०. दोन आणि सात, नऊ! आम्ही पुन्हा मोजत बसलो नाही, वहीत उलटे अंक शोधले. एका हप्त्याचे ३६० जमा झाले होते, वहीत ६३० लिहिले होते. लिहिणारी मीच होते.

ही खूण म्हणजे पुरावा नव्हे, हेही ऐका. ४५० च्या जागी ४५ लिहिले, तरी फरक ४०५, नवानं भाग जातोच. म्हणजे राहिलेलं शून्यही शोधायचं. आणि खरोखरच ९० रुपये हरवले असतील तर त्यांनाही नवानं भाग जाईल. पण फरकाला भाग गेला नाही, समजा २०० कमी आले, तर एकाच नोंदीतली अदलाबदल नक्की नाही. तेव्हा राहिलेली नोंद, दोनदा लिहिलेली पावती, नाहीतर चुकलेली बेरीज बघायची. वहिनींकडे बघायचं त्यानंतर.