जामीन झाला, तरी माणूस आतच

‘आत गेलाय म्हणजे काहीतरी केलंच असणार.’ चाळीत, पारावर, एसटीत कुठेही हे ऐकायला मिळतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मात्र वेगळंच सांगतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांतले ४ लाख ३४ हजार, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी. कोणाचा खटला रखडलेला, कोणाचा अजून उभाच राहायचा; गुन्हा एकाचाही शाबीत झालेला नाही. कैद्यांसाठी काम करणाऱ्या संस्था ‘गुन्हेगारांचे लाड करतात’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हा आकडा पाहावा.

दुसरा समज जामिनाबद्दलचा. कोर्टाने जामीन दिला की संध्याकाळी माणूस घरी, असं सिनेमात होतं. गरिबाच्या बाबतीत खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. जामीनदार हवा. त्याचं रेशनकार्ड, पगाराची पावती, राहत्या पत्त्याचा पुरावा, कधी ऐपतीचा दाखला. नाक्यावर उभं राहून रोजगार मिळवणाऱ्या परगावच्या माणसाला असा जामीनदार कुठून मिळणार? रोजंदारीवर जाणाऱ्या त्याच्या बायकोला कोर्टाची प्रत्येक तारीख म्हणजे एक खाडा.

हे दुखणं जुनं आहे. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ पुढे आला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. न्या. कृष्ण अय्यर यांनी अखेर त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की जामीन होऊनही महिनाभरात हमी भरता आली नाही, तर अटी शिथिल करायच्या का याचा कोर्टाने आपणहून विचार करावा. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तीत जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा भोगणाऱ्यांच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. तरतूद चांगलीच, पण बराकीतल्या माणसाचा कागद हलवायला बाहेर कोणीतरी लागतं.

ते ‘कोणीतरी’ होण्याचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत आणि पुढे इतरत्रही करत आला आहे. ऐकायला किरकोळ वाटेल असं हे काम असतं. अटकेत मोबाइल जमा होतो आणि घरचा नंबर पाठ नसतो. मग कार्यकर्ता कैद्याने सांगितलेल्या खुणांवरून घर शोधत जातो, कागद गोळा करतो, वकिलाला गाठून पुढची तारीख विचारतो. सुटून आलेल्याला काम आणि निवारा मिळवून देणं हाही त्याच कामाचा भाग. विदर्भात अमरावतीची ‘वऱ्हाड’ ही संस्था कैद्यांच्या कुटुंबांसाठी काम करते.

‘त्याने केलं, तो भोगेल, घरच्यांचं काय बिघडतं?’ हा समज सगळ्यांत निर्दय. मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच आईजवळ तुरुंगात राहू शकतं. त्याला कैदी समजू नये, त्याला आहार, औषधोपचार, पाळणाघर मिळावं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. बाहेर वाढणाऱ्या मुलांना एरवी मुलाकातीत जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडचा बाप दिसतो. महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ ठेवली जाते, तेव्हा मूल बापाच्या मांडीवर बसून बोलू शकतं.

आणि कैद्याला कर्ज दिलं तर ते बुडणारच ना? महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेला तसं वाटलं नाही. १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली: शिक्षा झालेल्या कैद्याला ५० हजारांपर्यंत खावटी कर्ज, ७ टक्के व्याजाने. पैसा घरखर्चाला किंवा वकिलाच्या फीला वापरायचा, परतफेड तुरुंगातल्या मजुरीतून. याला तारण नाही, जामीनदारही नाही. बँक जे मागत नाही ते कोर्टात मात्र मागितलं जातं, हे जरा गमतीचंच.

कैद्यावर विश्वास टाकण्याचा प्रयोग काही नवा नाही. १९३९ मध्ये औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे भिंती नव्हत्या. कैदी कुटुंबासह राहून शेती करत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट त्यावरूनच सुचला.

राहिला शेवटचा गैरसमज, मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळतो हा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२ व्या कलमानुसार कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, तो मिळतो. ओळखीतल्या कोणाला अटक झाली असेल, तर १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.