अज्ञात व्योमवस्तु आणि लष्करी निवेदनें

दप्तरांतील जुन्या कागदांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस प्रस्तुत विषय कांहींसा परका वाटेल. परंतु आज निघालेलें सरकारी निवेदन हाच उद्यांचा ऐतिहासिक कागद होय, व तो कसा वाचावा हें ठरविण्याचें काम आमच्यासारख्यांचेंच आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथें प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. जवळच उरणास नौदलाचें ठाणें आहे. अशा ठिकाणीं आकाशांत अनोळखी वस्तु दिसल्यास सैन्य लोकांस काय सांगेल, आणि त्यावरून आपण काय समजावें, हा प्रश्न आतां केवळ कल्पनेचा राहिलेला नाहीं.

उरणचाच एक दाखला प्रथम घेऊं. २२ सप्टेंबर २०१६ रोजीं तेथील शाळकरी मुलांनीं शस्त्रधारी इसम पाहिल्याचें सांगितलें. काश्मीरांतील उरी येथील हल्ल्यास तेव्हां अवघे चार दिवस झाले होते. नौदलानें मुंबईच्या किनाऱ्यावर कमाल दक्षतेचा इशारा दिला व मोठा शोध झाला. ही गोष्ट जमिनीवरील आहे, आकाशांतील नव्हे. तथापि तीवरून मिळणारा धडा दोहोंस सारखाच लागू पडतो. इशारा हा सैन्याच्या कृतीचा पुरावा आहे. जें पाहिलें म्हणून सांगण्यांत आलें, त्याच्या अस्तित्वाचा तो पुरावा नव्हे. वकिलानें पुण्यास लिहिलेल्या पत्रांत एखादी वार्ता आढळली, तर ती वार्ता त्या दिवशीं त्याच्या कानीं आली इतकेंच सिद्ध होतें. ती घटना घडली असें सिद्ध होत नाहीं. हा आमचा नेहमींचा नियम येथेंहि पाळला पाहिजे.

आतां आकाशाकडे वळूं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं मणिपुरांत इंफाळच्या विमानतळाजवळ एक अनोळखी वस्तु दिसल्यानें विमानांची वाहतूक कांहीं तास थांबली. हवाई दलाच्या पूर्व विभागानें जाहीर केलें तें एवढेंच कीं, विमानतळावरून मिळालेल्या माहितीवरून संरक्षणयंत्रणा कामास लाविली, व नंतर ती लहान वस्तु दिसली नाहीं. वस्तु कसली होती, याविषयीं त्यांत अक्षरहि नाहीं. उलट २६ जानेवारी २०१६ रोजीं राजस्थानांत रडारवर दिसलेली वस्तु फुगा असल्याचें ओळखून लढाऊ विमानानें पाडली, तेव्हां संरक्षण खात्यानें तसें स्पष्ट सांगितलें. ओळख पटली तर वस्तूचें नांव येतें. न पटली तर केवळ कृतीचें वर्णन येतें. या मौनास कारणहि आहे. काय दिसलें, किती दूरून दिसलें व किती वेळांत विमान उडालें हें सविस्तर सांगणें म्हणजे आपल्या रडारची पोंच परक्यास कळविणेंच होय.

लडाखचें प्रकरण याहून बोधप्रद आहे. २०१२ सालीं सीमेवरील जवानांनीं क्षितिजावर उगवून तासन् तास सरकणारे पिवळसर तेजोगोल अनेक वेळां पाहिले. सरकारनें संसदेंत ठाम पुरावा नसल्याचें सांगितलें. पुढें २०१३ सालीं बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनें ते गोल म्हणजे गुरु व शुक्र असल्याचा निर्णय दिला. जवान खोटें बोलले नव्हते. त्यांचें पाहणें खरें, पण अर्थ चुकीचा होता. 'अज्ञात' याचा अर्थ 'अद्भुत' असा नव्हे, तर 'अद्याप न ओळखलेलें' एवढाच होय.

कधीं मौनच अफवेस जन्म देतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत दारूगोळ्यानें भरलेलें 'फोर्ट स्टिकाइन' जहाज उडालें. जळता कापूस, लोखंड, किंबहुना सोन्याची लगडसुद्धां दूरवरच्या घरांवर आकाशांतून कोसळली. हें सर्व कोठून आलें हें शहरास अधिकृतपणें कळेना. दुसऱ्याच दिवशीं जपान्यांच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें बातमी सांगितली. येथील वर्तमानपत्रांस मात्र सविस्तर वृत्त छापण्याची मोकळीक मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत मिळाली. म्हणजे मुंबईचें वृत्त मुंबईकरांआधीं शत्रूच्या मुखांतून जगास गेलें.

आणि कधीं निवेदनेंच एकमेकांस खोडून काढितात. ८ जुलै १९४७ रोजीं अमेरिकेंत रॉझवेल येथील लष्करी तळानें 'उडती तबकडी' हातीं आल्याचें जाहीर केलें. लवकरच ती हवामानाचा फुगा असल्याचें सांगण्यांत आलें. १९९४ सालीं तेथील हवाई दलानें निराळा खुलासा केला कीं, तें अवशेष रशियाच्या अणुस्फोटांचा कानोसा घेण्यासाठीं आंखलेल्या 'मोगल' या गुप्त योजनेंतील फुग्याचें असावें. पहिलेंच पत्रक जपून ठेवणाऱ्याच्या हातीं दंतकथा राहिली असती. दुसरेंच ठेवणाऱ्याच्या हातीं अर्धसत्य. तिन्ही जुळविल्याखेरीज इतिहास होत नाहीं.

यावरून संग्राहकांस आमची विनंति अशी. निवेदन जसेंच्या तसें, तारीख, वेळ व काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह टिपून ठेवावें. त्यांत पाहिलेलें कोणतें, केलेलें कोणतें व तर्कानें म्हटलेलें कोणतें, हें निरनिराळें मांडावें. मागाहून आलेली दुरुस्ती त्यालाच जोडावी, पहिलें फेंकून देऊं नये. हल्लीं अशीं निवेदनें बहुधा कागदावर निघतच नाहींत. चार ओळी पडद्यावर झळकतात व कालांतरानें नाहींशा होतात. शनिवारवाड्याच्या काळांतील चिटोरें आपण वाळवीपासून वांचविलें; उरणच्या किनाऱ्यावरील उद्यांचें चिटोरें वाळवी लागण्यापूर्वींच नाहींसें होईल. तें आजच टिपून ठेविलें, तर पुढील संशोधकास अफवेवर विसंबावें लागणार नाहीं.