डिंक्या, तपकीर आणि एकवीस कार्डं

तुमच्या घरात एक ड्रॉवर असा असेलच, ज्यात गेल्या आठ-दहा वर्षांतल्या लग्नपत्रिका पडून आहेत. ज्यांची लग्नं झाली त्यांची मुलं आता सीनियर केजीत गेली, तरी पत्रिका तिथंच. फेकायला गेलात की आतून आवाज येतो, ‘अगं, गणपती आहे त्यावर!’ मग गणपती कापून वेगळा ठेवायचा (त्या गणपतींचाही एक ड्रॉवर असतो), आणि उरलेला कागद? तो जरा बोटांत धरून बघा. जाड, कडक, कडेला सोनेरी. दुकानात मुद्दाम मागायला गेलात तर महाग पडेल असा.

मागच्या वर्षी श्रावणात याच कागदावर मी एकवीस कार्डं केली. वाढदिवसाची नव्हेत, दिवाळीची नव्हेत. माफीची. आणि माफी मांजरांच्या वतीनं.

आमची बिल्डिंग डोंबिवलीतली, तळमजला धरून चार मजली, लिफ्ट नसलेली, वीस घरांची. पहिल्या मजल्यावरच्या आजी शुद्ध शाकाहारी. अंडं घातलेला केकसुद्धा हातात घेणार नाहीत. पण सकाळी मच्छीवाली मावशी जिन्याखाली टोपली टेकवायची तेव्हा आजी नाकाला पदर लावून मांदेली-बांगड्यांची मुंडकी घ्यायच्या. त्यासाठी गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा डाव. मुंडकी उकडायची, काटे काढायचे, भातात कालवायची. सकाळी सहा आणि संध्याकाळी सात. अकरा वर्षं हे चाललं होतं आणि आम्हाला कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, जसं पाण्याचा पंप चालू होण्याचं वाटत नाही.

खाणारे तिघं. डिंक्या हा केशरी-पांढरा बोका, पायाला चिकटतो म्हणून डिंक्या. तपकीर, रंगावरून. आणि काळ्या, जो आजतागायत कुणाच्याही हाताला लागलेला नाही.

जूनमध्ये आजी बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड. मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली, दाराला कुलूप लागलं. चार दिवस ही तिघं सकाळ-संध्याकाळ त्या कुलपासमोर येऊन बसत होती. सहाला बरोबर सहा, सातला बरोबर सात.

खरं सांगू? मी काही फार कनवाळू वगैरे नाही. मला अकाउंट्सची केटी होती आणि पहाटे साडेपाचपासून खालून म्याव ऐकत जर्नल एन्ट्र्या करणं अशक्य झालं होतं. गप्प बसवायला म्हणून मी खायला घालायला लागले. आधी आमच्याकडचे मासे जायचे. मग श्रावण लागला, घरात मासे बंद, मावशीची टोपलीही येईना. मी दूध-पोळी कुस्करून दिली. सगळ्या गोष्टींतली मांजरं दूधच पितात ना!

तर ते तुम्ही करू नका. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, त्यातली साखर पचवायची ताकद वयाबरोबर कमी होत जाते. आणि पोळीवर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा एक घटक तिला मांसातूनच मिळवावा लागतो, तो नसेल तर डोळे आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. आपल्याला शाकाहार कितीही प्रिय असो, मांजराला तो परवडत नाही. आजींनी हे कुठं वाचलं नव्हतं, पण गॅलरीत शेगडी मांडली होती.

मी हे शिकले ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पायपुसण्यावरून. डिंक्याचं पोट बिघडलं होतं आणि त्यानं नेमकं तेच पायपुसणं निवडलं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली अंगठे, मग ‘हे नेहमीचंच’, मग कुणाच्या तरी गाडीच्या सीटवरच्या ओरखड्यांचा फोटो, मग तीन वर्षांपूर्वीचं पार्किंगचं भांडण. रात्री अकरापर्यंत ठरलं की रविवारी मीटिंग घ्यायची आणि मांजरांना गोणीत घालून खाडीपलीकडे सोडून यायचं.

तपकिरीचं पोट तेव्हा दिसायला लागलं होतं.

मी तावातावानं एक लांबलचक मेसेज लिहिला. कायद्याचे मुद्दे घातले, आणि ते खरेच आहेत. उपाशी मरेल अशा परिस्थितीत प्राण्याला टाकून देणं १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तर सोसायटीनंच खायला घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यावी असं म्हटलंय, जिना, ये-जा करायची वाट आणि मुलांची खेळायची जागा सोडून. पाठवण्याआधी आजींना फोन केला, वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘छान आहे. पण हे वाचून ते तुझ्याशी भांडतील आणि राग मांजरांवर काढतील. त्यापेक्षा दार वाजव.’

दार वाजवून बोलायचं काय? समोर माणूस आला की माझं ततपप होतं. म्हणून कार्ड.

शाळेत असताना दिवाळीला तुम्हीही केली असतील. भेंडी आडवी कापून ठसा मारला की फूल उमटतं. जुन्या टूथब्रशला रंग लावून कंगव्यावर घासला की तुषार उडतात, आणि मध्ये पान ठेवलेलं असेल तर त्याची पांढरी सावली राहते. कागद दुमडण्याआधी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेननं एक दाबून रेघ मारा, मग घडी घाला. ही रेघ नसेल तर जाड कागदाची घडी फाटल्यासारखी दिसते. आणि दुमडण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. कागदाला लाकडासारखी शीर असते, जिकडून सहज वाकतो तिकडूनच घडी घालायची. हे मला एका प्रिंटिंग प्रेसवाल्यानं सांगितलं आणि सांगताना असा चेहरा केला की हे न कळणारी माणसं जगतात कशी.

मांजर असलेल्या घरात कार्डं करताना मात्र चमकी नको. ती केसांवर बसते, चाटताना पोटात जाते. रिबन, जरीचा दोरा, रेशीम तर अजिबात उघडं टाकू नका. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात. दोरा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो आणि आतडी गोळा करतो. ऑपरेशनची वेळ येते.

डिंक्या आता आमच्या घरात यायला लागला होता, आई ओट्याकडं वळली की. तो पोस्टर कलरच्या बशीतून चालत थेट तीन कोऱ्या कार्डांवरून गेला. मी ओरडत त्याचे पंजे ओल्या फडक्यानं पुसले, त्यानं माझ्या मनगटावर दोन रेघा ओढल्या. (ओरखडा किंवा चावा आला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मी गेले. इंजेक्शनं घेतली.) परत येऊन बघितलं तर ती तीन कार्डंच सगळ्यांत भारी झाली होती. उरलेल्यांवर मी अंगठ्याचा एक आणि बोटांचे चार ठसे मारून तसेच पंजे केले. जवळून बघितल्याशिवाय फरक कळत नाही.

आत काय लिहिलं? घरागणिक वेगळं. ‘तुमच्या पायपुसण्याबद्दल दिलगीरी. नवीन आणून देते.’ ‘तुमच्या सीटवर ओरखडे आले, मी कव्हर शिवून देईन.’ ज्यांचं काही नुकसान झालं नव्हतं त्यांना, ‘तुमच्याकडं अजून काही घडलेलं नाही, घडू नये म्हणून.’ आणि सगळ्यांना खाली तीन ओळी सारख्या. खाणं फक्त मागं पाण्याच्या टाकीजवळ, वीस मिनिटांनी वाट्या उचलणार. रोज सात वाजता जिना मी बघणार. आणि दिवाळीपर्यंत नसबंदी. नंतर माझा नंबर.

अठरा घरं. शिवाय वॉचमनकाका, मच्छीवाली मावशी आणि नाशिकला आजी. एकवीस.

इथं एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाहीये. लुई वेन नावाचा इंग्रज चित्रकार होता. त्याची बायको एमिली कॅन्सरनं आजारी पडली. त्यांनी पीटर नावाचं एक काळं-पांढरं भटकं पिल्लू घरात घेतलं होतं. अंथरुणावरच्या एमिलीला हसू यावं म्हणून तो पीटरची चित्रं काढायचा. १८८६ च्या ख्रिसमस अंकात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नं त्याचं मांजरांच्या पार्टीचं मोठं चित्र छापलं. जानेवारी १८८७ मध्ये एमिली गेली. पुढं त्याची मांजरं पोस्टकार्डांवरून घराघरांत पोहोचली. २०२१ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, बेनेडिक्ट कंबरबॅच आहे त्यात. मी तो कार्डं करताना लावला होता आणि शेवटची चार कार्डं नीट दिसत नव्हती म्हणून वाकडी झाली.

शनिवारी संध्याकाळी कार्डं दाराखालून सरकवली. दार वाजवलंच नाही. आजींना अर्धंच ऐकलं म्हणायचं.

रविवारी सकाळी एक कार्ड न उघडता आमच्या दाराशी परत आलेलं होतं. एका लहान मुलीनं उत्तर म्हणून वहीच्या कागदावर निळी मांजर काढून पाठवली. आणि पायपुसणंवाल्या काकांचं कार्ड परत आलं, आत लाल पेननं दुरुस्ती केलेली. ‘दिलगीरी’तली ‘गी’ खोडून ‘गि’. मार्जिनमध्ये लिहिलं होतं, ‘ऱ्हस्व.’ त्याखाली, ‘बघू.’ काका निवृत्त शिक्षक आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं. चौदा वर्षं एकाच जिन्यानं चढतोय-उतरतोय.

मीटिंगमध्ये कुणाचं मतपरिवर्तन वगैरे झालं नाही. दोघंजण शेवटपर्यंत गोणीवरच अडून होते. मग काकाच म्हणाले, ‘तिनं दिवाळीपर्यंत म्हटलंय, तर दिवाळीपर्यंत थांबू. नाही झालं तर मग बघा.’ चहा आला. विषय पाण्याच्या टँकरकडं गेला.

मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवडे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तपकीर पंपाच्या खोलीत व्यायली. चार पिल्लं. एक दुसऱ्या रात्रीच गेलं. तिसरं तीन आठवड्यांचं, डोळे उघडलेलं, माझ्या ओंजळीत यायचं. एका सकाळी ते थंड होतं. आई म्हणाली होती की मांजर सात घरं फिरवते, पिल्लांना हात लावू नकोस. मी लावला होता. डॉक्टर म्हणाले, त्यानं काही झालं नाही, इतकी लहान पिल्लं जातात. त्यांनी सांगितलं म्हणजे तसंच असेल. जास्वंदीखाली खड्डा वॉचमनकाकांनी खणला.

त्याच सुमाराला डिंक्या लंगडत आला तेव्हा एका शेजारणीनं प्रेमानं अर्धी तापाची गोळी पुढं केली होती. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, अगदी थोडंसुद्धा. तिचं लिव्हर ते निचरूच शकत नाही. हे एवढं एक वाक्य तुमच्या घरच्या ग्रुपवर टाकलंत तरी चालेल.

आता पैसे. डॉक्टरांनी रस्त्यावरच्या मांजरांसाठी म्हणून कमी करून बोक्याचे दीड आणि मांजरीचे अडीच हजार सांगितले. तुम्ही आधी आपल्या महापालिकेत विचारा. मुंबई महापालिका २०१९ पासून मांजरांचीही नसबंदी करते, तुमच्याकडंही सोय असू शकते. आमचं वेळेत जमेना, म्हणून कॉलेजात दिवाळीची कार्डं विकली. चाळीस रुपयाला एक, मागं छोटा पंजा. पत्रिका मैत्रिणींच्या ड्रॉवरमधून आल्या, पाकिटं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून. शहाण्णव विकली. १६० रुपये कमी पडले ते आईनं दिले आणि अजून आठवण करून देते.

डिंक्याचं दिवाळीआधी झालं. तपकिरीचं पिल्लं दूध सोडेपर्यंत थांबावं लागलं, नोव्हेंबर उजाडला. मुदत टळली म्हणून ग्रुपवर एकानं लिहिलंही. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून भूल असतानाच कानाचं टोक सरळ कापतात, म्हणजे पुन्हा कुणी पकडून पोट उघडू नये. एक पिल्लू अंबरनाथला मैत्रिणीकडं गेलं. दुसरं इथंच आहे, कान अजून पूर्ण आहे, चार महिन्यांचं झालं की नेणार. काळ्याला पकडायचे सहा प्रयत्न फसले. सातवा येत्या रविवारी. मोठी टोपली, जुनी चादर आणि सुकट जमवली आहे. कुणाकडं पिंजरा असेल तर हवाय.

आजी परत आल्या नाहीत. त्यांचं घर भाड्यानं गेलं. कार्ड त्यांच्या उशाशी आहे म्हणे. मध्ये मी डिंक्याचा फोटो पाठवला तर लगेच फोन आला, ‘कानाला काय केलंत त्याच्या?’

आणि मच्छीवाली मावशी. तिला वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कार्ड तिच्या मुलीनं वाचून दाखवलं. हात कायम ओले, म्हणून तिनं त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टोपलीच्या आत कडेला खोचलंय. आता मुंडकी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवते आणि दहा रुपये मागते. मी म्हटलं, ‘मावशी, आजींकडून तर कधी घेतले नाहीस.’

‘त्या आजी होत्या,’ ती म्हणाली. ‘तू कालेजात हायस. काढ.’