गोगलगायीची मेजवानी

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ असे आपण एखाद्या साळसूद माणसाला उद्देशून म्हणतो. प्राणिशास्त्रज्ञांनीही गोगलगायीच्या वर्गाला ‘उदरपाद’ असेच नाव दिले आहे. आणि फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात नाताळच्या मेजवानीला पानात येतो, तो मुख्यत्वे हा पोटातला पायच! नाक मुरडू नका. ज्यांच्या घरी तिसऱ्या आणि कालवे आवडीने खातात, त्यांना तरी कवचातल्या जिवाचे वावडे नसावे.

या पदार्थाचे नाव ‘एस्कार्गो’. दुपारी बाजारातून आणावे आणि संध्याकाळी चुलीवर चढवावे, असे हे काम नव्हे. पाऊस पडून गेला की खेड्यातली मुलेमाणसे टोपल्या घेऊन कुंपणांच्या कडेने गोगलगायी वेचीत. वेचून आणल्यावर त्यांना प्रथम घडतो तो उपवास! झाकणाच्या टोपलीत त्यांना आठ-दहा दिवस उपाशी ठेवतात. कारण माणसाला बाधणारा एखादा पाला त्यांनी खाल्लेला असू शकतो. हिवाळ्यात गोगलगाय जमिनीत शिरते आणि चुन्याचे झाकण करून शंखाचे तोंड बंद करून घेते. अशी निजलेली सापडली तर उत्तमच. तिचा उपवास आधीच झालेला असतो.

मग त्या धुऊन, उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवून, टोकदार काडीने शंखातून ओढून काढायच्या. शेवटचे काळे वेटोळे टाकून द्यायचे. उरलेले मांस गाजर, कांदा, लवंग, तमालपत्र आणि पांढरी वाइन घातलेल्या पाण्यात दोन-तीन तास मंद आचेवर शिजते. तोवर शंख उकळून, वाळवून ठेवायचे. लोण्यात ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेली पार्स्ली कालवायची. शंखात थोडे लोणी, त्यावर मांस आणि तोंडाशी पुन्हा लोणी भरून ते भट्टीत ठेवायचे. लोणी बुडबुडू लागले की झाले! खळग्यांच्या खास बश्यांत सहा किंवा बारा शंख वाढतात. शेवटी उरलेले लोणी पावाने पुसून खाण्यात लहानथोर सारे सारखेच!

आपल्या परसातल्या गोगलगायींवर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये. आपल्याकडे पसरलेल्या आफ्रिकी गोगलगायीत माणसाच्या मेंदूला अपाय करणारे जंत असू शकतात.

खुद्द बर्गंडीतही ही टोपली आता क्वचितच दिसते. शेते मोठी करताना कुंपणे गेली, शेतात औषधे फवारली गेली, त्यात वेचणाऱ्यांचा हातही सैल सुटला. ही गोगलगाय प्रौढ व्हायला काही वर्षे लागतात, आणि ती पाळून वाढवणेही कठीण. अखेर 1979 साली सरकारने नियम केला: 1 एप्रिल ते 30 जून या विणीच्या काळात ती वेचायची नाही, आणि 3 सेंटिमीटरांहून लहान शंखाला तर कधीच हात लावायचा नाही. आज फ्रान्समध्ये खपणाऱ्या बहुतेक गोगलगायी पूर्व युरोपातून येतात. गृहिणी लोणी भरलेले गोठवलेले शंख विकत आणते आणि भट्टीत सरकवते.

चव जवळपास तीच. पण आठ दिवसांची वाट पाहणे आणि घरातल्या साऱ्यांनी मिळून शंख भरणे त्यात नाही. कायद्याने गोगलगाय कदाचित वाचेल; तो धीर मात्र घरातल्या मोठ्यांनीच मुलांच्या हाती द्यावा लागेल.