चारदीवारीच्या राजमाता

वाचकहो, जयपूरची चारदीवारी पाहाल तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नातीचे, राजमाता गायत्रीदेवींचे, स्मरण अवश्य करावे. १९४० साली त्या जयपूरच्या राजघराण्यात सून म्हणून आल्या, तेव्हा जनान्यात कडक पडदा होता. १९४३ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. आरंभी आल्या अवघ्या २४ मुली. मोठ्या घरांतील आयांचे मन वळविणे का सोपे होते? पडदा मोडू पाहणाऱ्या या सुनेला शहराचा जुना तट मात्र मोडलेला खपेना. त्यासाठी त्यांनी थेट पंतप्रधान नेहरूंना पत्र धाडले. १९६२ साली जयपूरकरांनी १,९२,९०९ मते देऊन त्यांना लोकसभेत पाठविले. १९७५ साली आणीबाणीत तिहारचा तुरुंगवासही घडला. २००९ साली त्या जयपुरातच निवर्तल्या. ती शाळा चालूच आहे, आणि २०१९ साली चारदीवारीचे हे शहर जागतिक वारसा ठरले.