नवे इंजिन आणि त्याचे तेल

नवी मोटार दारात उभी राहिली, की आपल्या घरी लगेच दूरच्या प्रवासाचे बेत सुरू होतात. परंतु कारखान्यातून आलेले इंजिन अद्याप रुळावयाचे असते. सिलिंडरच्या आतील भिंतीवर बारीक, तिरकस रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. त्यांत तेल टिकून राहते आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासून पिस्टनच्या रिंगा भिंतीशी नेमक्या जुळतात. हे न जमल्यास इंजिन पुढे तेल पीत राहते. म्हणून पहिले हजार किलोमीटर वेग बदलता ठेवावा. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नये, आणि जपण्याच्या भरात वरच्या गिअरमध्ये गाडी रखडवूही नये. अतिकाळजीने होणारी ही चूक फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही!

तेलाविषयी अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ असे छापलेले असते. आपण पहिला आकडा तेवढा लक्षात ठेवतो. आपली गाडी शाळा आणि मंडई यांपलीकडे जात नसेल, तर वर्षात तीन हजारही भरत नाहीत. मग तेल कशाला बदलावे, असे वाटते. वस्तुतः अशाच गाडीचे तेल लवकर बिघडते. इंजिन पुरते तापण्याआधीच थांबत असल्याने पाण्याचा अंश व न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि उडून न जाता तेथेच साचते. तेव्हा वर्ष भरताच ते बदलून घ्यावे. डिझेल गाडीचे तेल थोड्याच दिवसांत काळे पडले, तर मात्र घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.